पट्टा तुमचा, बुद्धी आमची

पश्चात्ताप करणे हा माझ्या स्वभावाचा भाग आहे. दुकानदाराशी वाद घातला तर संध्याकाळी परत जाऊन मी त्याची क्षमा मागतो, आणि तो बिचारा कशाबद्दल ते आठवत बसतो. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याला टोचून बोललो, तर दुसऱ्या दिवशी तासाच्या आरंभीच तसे कबूल करतो. घरची माणसे या सवयीला हसतात. मात्र आयुष्यातील एका गोष्टीबद्दल मी पश्चात्ताप शोधला, पुन्हा पुन्हा शोधला, आणि तो मला सापडला नाही. तिच्याविषयी लिहायचे आहे.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. वय तिशीच्या आतले, आणि डोक्यात एकच वेड: अणूचे केंद्र फोडायचे, आणि तेही धुळ्यात. हायड्रोजनची केंद्रके प्रचंड विद्युतदाबाने ढकलून लिथियमवर आदळवली, तर लिथियमचे केंद्र दुभंगते आणि हेलियमचे दोन तुकडे बाहेर पडतात. तो तुकडा झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आपटला की अंधारात सुईच्या अग्राएवढा उजेड लागतो आणि विझतो. जगात हे कधीच होऊन गेले होते. मी नवे काहीच सिद्ध करणार नव्हतो. पण तो उजेडाचा ठिपका मला स्वतःच्या यंत्रातून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. लिथियमचा एक तुकडा मी मुंबईहून आणूनही ठेवला होता. तेलाच्या बाटलीत तो तरंगत असे, आणि रोज सकाळी प्रयोगशाळा उघडली की मी आधी त्याच्याकडे पाही.

एवढा दाब देणारे यंत्र विकत घेणे आमच्या महाविद्यालयाला सात जन्मांत जमले नसते. पण अशा यंत्रांची एक जात घरी करण्यासारखी आहे, आणि तिची रचना रहाटगाडग्यासारखी सोपी आहे. खाली सुयांची एक फणी असते. ती फिरत्या पट्ट्यावर विद्युतभार फवारते. पट्टा तो भार उंच नळीतून वर नेऊन धातूच्या एका पोकळ घुमटात ओततो. घुमटात भार साठत जातो, त्याच्या भोवतीचे विद्युतक्षेत्र तीव्र होत जाते, आणि शेवटी आसपासची हवाच फाटते. हवा फाटण्यापूर्वी जेवढा दाब चढेल तेवढा आपला.

पट्टा पारोळ्याहून आला. माझ्या आईचे मामा, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, त्यांची तेथे जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रे ज्या रुंद पट्ट्यांवर चालतात, त्यांतला एक न वापरलेला पट्टा मी मागितला. आबांनी तो स्वतः वळकटी करून माझ्या हातात दिला.

"लई जाय भाऊ, पट्टा तुना. पन मले सांग, यामाईन निंघी काय?"

"वीज निघेल, आबा."

"वीज?" आबांनी बाजूला बसलेल्या मुनिमाकडे पाहिले. "बोर्डनी वीज येत नही म्हनीसन आते हाऊ घरच बनाडी ऱ्हायना!"

जिनिंगमधली सगळी माणसे हसली. मीही हसलो. परत निघताना आबांनी माझ्या पिशवीत कापसाचे चार पेळू टाकले आणि म्हणाले, "वाती करी ठेवजो." वातींसाठी दिलेला तो कापूस पुढे माझे सर्वांत नेमके उपकरण ठरला.

घुमट मी धुळ्याच्या भांडीबाजारातून करून घेतला. ॲल्युमिनियमच्या दोन मोठ्या अर्धगोल पराती, तोंडाला तोंड जोडलेल्या. आता या यंत्राचा खरा धर्म असा की विद्युतभार टोकावरून गळतो. म्हणून भार फवारायला खाली सुया लागतात, आणि त्याच कारणाने वर घुमटावर सुईएवढेही टोक चालत नाही. बोटाला न जाणवणारा ओरखडा, वाळलेला थेंब, चिकटलेला धान्याचा कण, यांतले काहीही भार गळू देण्यास पुरेसे असते. घुमट ज्या नळीवर उभा असतो ती तर त्याहून नाजूक. तिच्यावर ओलसर बोट फिरले तरी भाराला जमिनीकडे जाण्याची वाट मिळते. मी घुमट घासून गुळगुळीत केला की त्यावरून पेळू हलकेच फिरवी. जेथे एक तंतू जरी अडकला, तेथे पुन्हा घासायला बसे. पेळू कोठेही न अडकता घुमटाची पूर्ण प्रदक्षिणा करून आला, त्या दिवशी मी पेढे वाटले.

पत्नी एकदा प्रयोगशाळेत आली होती. घुमटाभोवती फिरून तिने त्याला नीट पाहून घेतले आणि म्हणाली, "अहो, एवढं मोठं खापर! आखाजीच्या सणाला द्या मला, मांडे भाजते."

धुळ्याची हवा या यंत्रासाठीच घडवलेली होती. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात, जेव्हा ओठ फुटतात आणि कपडे अंगाला चिकटून चटचटतात, तेव्हा घुमटातून हातभर लांब ठिणगी सुटे आणि शेजारच्या वर्गातले तास थांबत. पावसाळ्यात ते यंत्र मेल्यासारखे पडून असे.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी मला आठवते. त्या दिवशी आमच्याकडे नांगरापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते. महाविद्यालयातही कार्यशाळा, प्रयोगशाळा, घंटा, सगळ्यांना कुंकू लागे. मी मोटारीला कुंकू लावले, खालच्या चाकापासून दूर नारळ फोडला, आणि घुमटाकडे कोणालाही फिरकू दिले नाही. आमचे विभागप्रमुख तेथेच उभे होते. मोठा आवाज, स्वच्छ धोतर, सभेत उठून बोलण्याची सिद्धी. ते म्हणाले, "अहो, कपाळ कोरडं ठेवून कसली पूजा?"

"सर, याला कपाळ कोरडंच लागतं," मी म्हणालो.

ते हसले. का, हे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही, कारण पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखाला ते समजावणे मला उद्धटपणाचे वाटले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझे वडील भडगावला वारले. दहाव्याच्या दिवशी गिरणेच्या काठी मी क्षौर करून बसलो होतो. तेवढ्यात एक चुलतभाऊ जळगावचे वर्तमानपत्र घेऊन आला. "दादा, हे तुझंच यंत्र ना?" छायाचित्रात आमचे विभागप्रमुख घुमटावर हात ठेवून उभे होते आणि विद्युतभाराने त्यांचे सगळे केस डोक्यावर ताठ उभे राहिले होते. जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात पहिले पारितोषिक. खाली त्यांचे नाव, संशोधक म्हणून. मी माझ्या मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. पाणी अजून वाळले नव्हते. वडिलांच्या पिंडाला कावळा शिवला की नाही, ते मला आज आठवत नाही. ते छायाचित्र मात्र आठवते, आणि माझ्या मनातल्या द्वेषाचा जन्म तेथे झाला, हे मी निश्चित सांगू शकतो.

परत आल्यावर कळले की प्रदर्शनात एक समिती आली होती. महाविद्यालयांतील संशोधनाला अनुदान देणारी ती समिती यंत्रावर खूश होती. निर्वात पंप आणि केंद्रके धावतील अशी काचेची नळी, एवढे अनुदान मिळाले की माझा प्रयोग होणार होता. प्रस्ताव गेला होता. त्यात माझे नाव नव्हते.

मी शिक्षककक्षात, सर्वांसमोर, पण हळू आवाजात विचारले. मला मोठा आवाज कधी लागलाच नाही.

"सर, प्रस्तावात माझं नाव राहिलं."

"तुमच्या घरी दुःख होतं. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास?"

"यंत्र मी केलं आहे, सर."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कक्षातल्या सगळ्यांकडे पाहून घेतले. "केलंत ना. जिनिंगवाल्यांच्या घरचे तुम्ही. पट्टा तुमचा, बुद्धी आमची. वाटणी बरोबर झाली की नाही?"

हशा झाला. त्या हशातल्या प्रत्येकाचा चेहरा मला अजून आठवतो. मी वर संस्थेकडे तक्रार केली, आणि नव्या वर्षी माझी बदली संस्थेच्या शिरपूरच्या महाविद्यालयात झाली. लिथियमची बाटली तेवढी मी बरोबर नेली.

शिरपूरच्या घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसे. तेथे संध्याकाळी खुर्ची टाकून मी सूड घेत असे. मनात विभागप्रमुख अनेक प्रकारे हरत. कधी भर सभेत त्यांना साधे सूत्र आठवत नसे, कधी विद्यार्थी त्यांना प्रश्न विचारत आणि ते तोंडातल्या तोंडात बोलत. वरून मी शांत दिसे. पत्नी मात्र ओळखे. "आज कितव्यांदा मारलंत त्यांना?" ती भाजी निवडताना विचारी. द्वेषाने माणूस जळतो असे म्हणतात. माझा तसा अनुभव नाही. द्वेषाने मला त्या दिवसांत सांभाळले, वेळेवर जेवायला लावले.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांचा निरोप आला. समिती अंतिम पाहणीसाठी येत होती, आणि यंत्राचा दाब चढत नव्हता. 'पट्टा घसरतो आहे असे दिसते. येऊन बघून द्यावा.'

मी गेलो. पिशवीत एक पेळू, कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली होती. तेव्हा मी दुरुस्तीच्याच विचाराने निघालो होतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. प्रयोग माझ्या नावाने होवो वा न होवो, पण होवो, असे एसटीत बसल्यावर खरोखर वाटले होते.

मी पोहोचलो तेव्हा पाहुणे येऊन बसले होते. एक वयस्कर प्राध्यापक, जे सैद्धांतिक विषयाचे होते, आणि दोन अधिकारी. विभागप्रमुखांनी माझी ओळख करून दिली. "हे शिरपूरला असतात. जिनिंगवाल्यांच्या घरचे. पट्ट्याचं यांना कळतं."

यंत्र चालू केले. मोटार फिरली, पट्टा सळसळत वर चढला, आणि घुमट नुसता फुसफुसत राहिला. ओझोनचा वास आला. ठिणगी नाही. विभागप्रमुखांनी पाहुण्यांकडे पाहून हात पसरले. "बघा हो जरा पट्टा," ते मला म्हणाले. त्यांचे गुडघे दुखत, ते शिडी चढत नसत.

यंत्र बंद करवून, घुमटातला उरला भार जमिनीत उतरवून मी शिडी चढलो. घुमट बाहेरून लख्ख होता. मग मी मान वाकवून घुमटाच्या काठाखाली पाहिले, जेथे नळी आत जाते. खालून ती जागा कोणाला दिसत नाही. नळीच्या गळ्याभोवती लाल धागा बांधला होता. त्याच्या खाली कुंकवाची पाच बोटे उठली होती, त्यांत अक्षता वाळून घट्ट चिकटल्या होत्या, आणि नारळाच्या पाण्याचा एक चकचकीत ओघळ नळीच्या मागच्या बाजूने थेट खालपर्यंत उतरला होता. खंडेनवमीला त्यांनी कपाळ कोरडे ठेवले नव्हते. स्वतः चढता येत नाही म्हणून कोणा भाविकाला चढवून, समितीच्या यशासाठी, मनापासून पूजा करून घेतली होती. साऱ्या धुळ्यात या यंत्राला त्याहून घातक असे काही शोधूनही सापडले नसते.

मी पिशवीत हात घातला आणि पेळू बाहेर काढला. काठाखालून फिरवला. तो एका अक्षतेला अडकला आणि तसाच लोंबत राहिला. पिशवीत त्याच्या शेजारीच स्पिरिटची बाटली होती. तिला माझे बोट लागले होते.

मग मी पेळू सोडवून घेतला आणि खाली उतरलो.

"काय झालंय?" विभागप्रमुखांनी विचारले.

"पट्टा ठीक आहे, सर."

"मग?"

"पट्टा माझा, तो मी पाहिला. बुद्धीचा भाग आपला. तो आपण पाहावा."

शिक्षककक्षात तेव्हा हसलेल्यांपैकी दोघे तेथे उभे होते. ते हसले नाहीत. विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला, आणि तो पाहण्यासाठी मी जरा जास्तच वेळ तेथे थांबलो. वयस्कर प्राध्यापकांनी चष्मा काढला. "आपल्याला हे दुरुस्त करता येईल का?" त्यांनी थेट मला विचारले. आवाजात आर्जव होते. त्यांना ठिणगी पाहायची होती, हे मला कळत होते.

त्या क्षणी माझ्यापुढे काय होते, ते मला पूर्ण ठाऊक होते. एका बाजूला पंप, काचेची नळी, लिथियम, तो उजेडाचा ठिपका. दुसऱ्या बाजूला एक चेहरा.

"हे यंत्र सरांचं आहे," मी म्हणालो. "प्रस्तावात तसंच लिहिलं आहे."

शिरपूरला पोहोचलो तेव्हा पत्नी दारातच होती. मी सगळे सांगितले. मला वाटले, ती म्हणेल, बरे केलेत. ती आधी हसली, अगदी खळखळून; विशेषतः वाटणीचे शब्द जसेच्या तसे परत केले, हे तिला फार आवडले. मग पाण्याचा तांब्या माझ्या हातात देताना तिने विचारले, "आणि तुमचा तो ठिपका?"

मी पाणी प्यायलो.

"स्वतःचं नाक कापलंत," ती म्हणाली, "पण अपशकुन मात्र चांगला दणदणीत केलात."

अनुदान दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या महाविद्यालयाला गेले. आमच्या विभागप्रमुखांची प्राचार्यपदाची आशा त्याबरोबर गेली, असे म्हणत. माझी जळगावला बदली झाली. लिथियमवर पांढरी साय चढली, मग तो पूर्ण पांढरा झाला, आणि एका आवराआवरीत ती बाटली मी टाकून दिली.

धुळ्याला राहिलेला एक सहकारी अधूनमधून भेटे. त्याच्याकडून पुढची हकीकत कळली. त्या अपयशानंतर विभागप्रमुख यंत्राच्या बाबतीत फार श्रद्धाळू झाले. दर खंडेनवमीला त्याची पूजा वाढत गेली. घुमटाच्या गळ्यात नवा धागा, नवे कुंकू, नव्या अक्षता. एके वर्षी भटजी बोलावून पंचामृताचा अभिषेकही झाला. आणि दर वर्षी यंत्राचा दाब आणखी खाली आला. शेवटी ते साध्या कागदाच्या कपट्यालाही ओढेनासे झाले. सहकारी हे सांगून विचारी, "त्याला नेमकं झालं तरी काय होतं हो?" मी म्हणे, "कोण जाणे." आणि घरी येऊन जेवण जास्त जाई. माझा सूड मी एकदाच घेतला होता. नंतर तो दर वर्षी ते स्वतःच, माझ्या वतीने, स्नान करून, सोवळ्याने पार पाडत होते.

मधे बरीच वर्षे गेली. माझेच केस आता पांढरे आहेत. मागच्या हिवाळ्यात पारोळ्याच्या बसस्थानकावर विभागप्रमुख मला भेटले. काठी टेकत बाकावर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखले, आणि मला शेजारी बसवून माझा हात हातात धरून ठेवला. त्या हाताची मला सवय नव्हती.

"तुम्ही नीट बोललात त्या दिवशी," ते म्हणाले. "मी तसंच बोललो होतो आधी. फिटलं."

"सर, राहू द्या ते."

"राहू द्या कसं? मला एक सांगा. तुम्ही वर चढला होतात. काय बिघडलं होतं त्याचं?" मग माझ्या उत्तराची वाट न पाहता तेच म्हणाले, "एवढी पूजा केली हो मी त्याची. दर वर्षी. निवृत्तीच्या वर्षीसुद्धा. नाही पावलं."

वाक्य माझ्या ओठांवर आले होते. दोन शब्दांचे होते. ते उच्चारले असते तर माझे मन हलके झाले असते, असे मी म्हणू शकतो; पण त्या हाताकडे पाहताना मला दिसले की आजवर घेतलेल्या सुडापेक्षा तो सूड मोठा ठरेल. ज्याने बुडवले तेच आपण इतक्या भक्तीने करत राहिलो, हे त्यांनी त्या बाकावर बसून ऐकले असते. आणि न सांगणे हाही सूडच होता, जुना, चालू असलेला. मला क्षमेचे दार शोधायचे होते, आणि जी हाती आली ती दोन्ही शस्त्रेच निघाली.

"हवा दमट होती, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. कितीही झाले तरी ते पदार्थविज्ञानाचे माणूस होते. "दमट? धुळ्यात? दसऱ्यानंतर?" ते हळूच हसले. "त्या दिवशी तुमचे ओठ फुटलेले होते. मला आठवतंय."

जळगावची बस लागली. मी उठलो. ते माझ्याकडे पाहतच राहिले, उत्तराची वाट पाहत, आणि बस वळेपर्यंत त्यांची मान माझ्या दिशेने वळत होती.

ते हयात आहेत. नजर चांगली आहे, आणि छापलेले ते सगळे वाचतात, असे त्यांच्या मुलाने मला मुद्दाम सांगितले. हे लिहिण्यास बसलो तेव्हा वाटले होते की मी क्षमा मागण्यासाठी लिहीत आहे. आता शेवटाला येऊन पोहोचल्यावर माझा आवाज नेहमीसारखाच हळू आहे.

सर, पूजेनेच.